मालगाडीवरच्या माणसाला ‘घरी कधी येणार?’ हे का सांगता येत नाही

ताई, तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. तुमचे यजमान सव्वा वर्षापासून मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात सहायक लोको पायलट आहेत. फोनवर ते कधी ‘लोड स्टेबल झाला’, कधी ‘लूपला टाकलंय’, कधी ‘स्पेअर येतोय’ असे सांगतात आणि नक्की कधी येणार असे विचारले की चिडतात. मोबाइलवरच्या ॲपमध्ये त्यांची गाडी सापडत नाही आणि घरातल्या मोठ्या माणसांच्या मनात आता नको ते येऊ लागले आहे. या शब्दांचा अर्थ काय, आणि हा माणूस खरे सांगतो आहे ना, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी मध्य रेल्वेतच असिस्टंट म्हणून लागलो, मालगाडी आणि मेल दोन्हींवर काम केले आणि लोको इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. इन्स्पेक्टर असताना माझ्याकडे नेमून दिलेल्या चालकांच्या घरून हाच प्रश्न वारंवार येत असे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲपचा विषय आधी संपवू. सर्वसामान्यांसाठी असलेल्या ॲपवर फक्त प्रवासी गाड्या दिसतात. मालगाड्यांची माहिती रेल्वेच्या अंतर्गत यंत्रणेत असते आणि ती बाहेरच्या माणसाला पाहता येत नाही. तेव्हा गाडी ॲपवर सापडली नाही यावरून कोणताही निष्कर्ष काढू नका.

आता मुख्य गोष्ट. माझ्या मते तुमची अडचण शब्दांची कमी आणि वेळेची अधिक आहे. बँकेतला किंवा शाळेतला माणूस घरून निघतो तेव्हा परत येण्याची वेळ त्याच्या खिशात असते. मालगाडीवरच्या माणसाची वेळ मात्र कंट्रोल ऑफिस (कोणती गाडी कधी पुढे काढायची हे ठरवणारे कार्यालय), लॉबी (चालकांची हजेरी घेऊन ड्युटी लावणारे कार्यालय), पुढच्या स्टेशनचा मास्तर आणि मागून येणारी एक्स्प्रेस यांच्यात वाटलेली असते. यजमान जे शब्द वापरतात त्यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द आपली वेळ या क्षणी कोणाच्या हातात आहे एवढेच सांगत असतो. तो शब्द कळला की घड्याळातला आकडा नाही तरी अंदाजाचा पल्ला तुम्हाला काढता येईल.

प्रवासी गाड्यांवरच्या लोकांना ‘लिंक’ असते, म्हणजे कोणत्या दिवशी कोणती गाडी न्यायची, कुठे मुक्काम करायचा आणि कोणत्या गाडीने परतायचे याचा आधीच लिहिलेला क्रम. मालगाडीला अशी लिंक नसते. माल भरला, रेक (वाघिणींची जोडलेली रांग) तयार झाला, इंजिन मिळाले की गाडी निघते, आणि लॉबीतल्या यादीत ज्याचा ‘टर्न’ वर आला असेल त्याला ती मिळते. यजमान नुकतेच लागलेले असल्याने ते बहुतेक मालगाडीवर असणार, आणि पुढचे सगळे मी तसे धरूनच लिहीत आहे. ते मेल-एक्स्प्रेसवर असिस्टंट म्हणून जात असतील, तर यातला निम्मा भाग तुम्हाला लागू पडणार नाही.

सुरुवात होते ‘कॉल’पासून. पूर्वी लॉबीचा माणूस कॉल बुक घेऊन सायकलवरून दारात येत असे आणि झोपेतून उठवून सही घेत असे. आता फोन किंवा संदेश येतो. बहुतेक ठिकाणी साइन ऑनच्या 2 तास आधी कॉल मिळतो. ‘साइन ऑन’ म्हणजे लॉबीत जाऊन हजेरी लावणे. त्या वेळी ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकर मारावी लागते, नवी परिपत्रके वाचावी लागतात आणि कोणत्या किलोमीटरला वेग कमी करायचा हे सांगणारा कॉशन ऑर्डर घ्यावा लागतो. येथपासून ड्युटीचे घड्याळ चालू होते. पण साइन ऑन झाले म्हणजे गाडी सुटली असे नाही. इंजिन तपासायचे असते, गार्डने (2022च्या जानेवारीपासून त्यांचे पद ट्रेन मॅनेजर झाले आहे, तरी तोंडात गार्डच बसला आहे) गाडीचे कागद आणि ब्रेक पाहायचे असतात आणि मग सिग्नलची वाट पाहायची असते. ‘साइन ऑन करून बसलोय’ असा फोन आला, तर गाडी हलायला अजून अवकाश आहे एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

गाडी सुटल्यावर फोन येणार नाही. गाडी चालवताना वैयक्तिक मोबाइल बंद ठेवण्याची सक्त ताकीद असते आणि ती योग्यच आहे. असिस्टंटने प्रत्येक सिग्नल पाहायचा, मोठ्याने उच्चारायचा, लोको पायलटने तोच पुन्हा उच्चारायचा आणि दोघांचे एकमत झाले तरच पुढे जायचे, असे ते काम असते. घरात काही तातडीचे घडले, तर यजमानांच्या बंद फोनवर वीस वेळा लावण्यापेक्षा लॉबीतल्या क्रू कंट्रोलरला फोन करावा. तो कंट्रोलमार्फत पुढच्या स्टेशनला निरोप देतो आणि गरज असेल तर बदली माणूस कुठे देता येईल तेही पाहतो.

आता ‘लूपला टाकलंय’. मुख्य मार्गाच्या बाजूला स्टेशनात जो जादा रूळ असतो तो लूप. मागून एक्स्प्रेस येत असेल, तर कंट्रोलर मालगाडीला लूपवर घेतो आणि एक्स्प्रेसला पुढे काढतो. भुसावळहून इगतपुरीच्या दिशेने निघालेला कोळशाचा किंवा कंटेनरचा लोड (आमच्याकडे मालगाडीला लोडच म्हणतात) पाचोऱ्याला लूपवर गेला की एकामागून एक मेल गाड्या पुढे जाताना पाहत बसावे लागते. कधी वीस मिनिटांत सुटका होते, कधी दोन-अडीच तास जातात. त्यात रुळांच्या किंवा वरच्या तारांच्या दुरुस्तीसाठी ‘ब्लॉक’ घेतलेला असेल तर विचारायलाच नको. मुंबईकरांना रविवारचा मेगाब्लॉक माहीत असतो. मालगाडीवाल्याच्या वाट्याला मात्र आठवड्याच्या कोणत्याही वारी ब्लॉक येऊ शकतो.

इगतपुरीच्या अलीकडे खोळंबा होण्याचे आणखी एक कारण आहे. इगतपुरीच्या पुढे थळ घाट लागतो. 1865मध्ये सुरू झालेल्या या घाटात चढ 37 फुटांना एक फूट आहे. कसाऱ्याहून वर येणाऱ्या जड गाड्यांना मागून ढकलण्यासाठी ‘बँकर’ इंजिने लावावी लागतात. खाली उतरणाऱ्या गाडीला कॅच साइडिंगपाशी (ताबा सुटलेल्या गाडीला अडवण्यासाठी बाजूला काढलेल्या रुळापाशी) आधी पूर्ण थांबून ती ताब्यात असल्याचे दाखवावे लागते आणि मगच पुढची वाट मिळते. त्यामुळे घाटातून तासाला जाणाऱ्या गाड्यांची संख्या मुळातच मर्यादित असते, आणि खाली वाट मोकळी नसली की नाशिक रोड, देवळाली, घोटी अशी लोडची रांग मागे लागते. यजमान घोटीला तीन तास ‘होमला उभे’ असतील, म्हणजे स्टेशनात शिरण्याच्या सिग्नलबाहेर खोळंबले असतील, तर त्यात नवल नाही. चिडचिड मात्र साहजिक आहे, कारण मायलेज, म्हणजे किलोमीटरवर मिळणारा भत्ता, चाके फिरतात तेव्हाच वाढतो. थांबून राहिल्याबद्दल नियमात काही भरपाई असली तरी तिला धावलेल्या किलोमीटरची सर नाही.

‘लोड स्टेबल झाला’ हा शब्द तुम्ही विशेष विचारला आहे. गाडी पुढे नेण्यासारखी परिस्थिती नसेल, किंवा ज्या लोकांनी आणली त्यांचे ड्युटीचे तास भरत आले असतील आणि बदली माणसे मिळत नसतील, तर ती गाडी मधल्याच एखाद्या स्टेशनात उभी करून, हँडब्रेक आणि साखळ्या लावून सुरक्षित केली जाते. याला स्टेबल करणे म्हणतात. गाडी तेथे राहते, माणसांना तेथून हलवावे लागते. मग ती ‘स्पेअर’ येतात, म्हणजे दुसऱ्या गाडीतून, काम न करता, पण ड्युटीवरच असताना प्रवास करतात. हा शब्द ऐकला की तुम्ही निश्चिंत व्हावे. स्पेअर येणारा माणूस कॅबमध्ये काम करत नसतो, त्याला फोन करता येतो, आणि तो ज्या प्रवासी गाडीने येत असेल ती तुमच्या ॲपवर दिसते. घरी येण्याची वेळ बऱ्यापैकी खात्रीने सांगता येईल अशी ही एकच अवस्था आहे.

शेवटचा टप्पा ‘साइन ऑफ’. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देऊन, पुन्हा फुंकर मारून, कागद जमा करून ड्युटी संपवणे म्हणजे साइन ऑफ. तुमच्या स्वयंपाकाच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा भेद असा की गाडी यार्डात आली तरी साइन ऑफला तास-दीड तास लागू शकतो. म्हणून ‘कधी येणार’ ऐवजी ‘साइन ऑफ झाला का’ असे विचारून पाहा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे नसते, आणि जे आपल्या हातात नाही ते रोज कोणी विचारले की माणूस वैतागतो. दुसऱ्या प्रश्नाला हो किंवा नाही असे सरळ उत्तर आहे.

आता विश्रांतीचे गणित, कारण घर त्यावर चालते. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांचे 2005चे नियम आहेत. त्यांनुसार 8 तास किंवा त्याहून अधिक ड्युटी केल्यावर मुख्यालयात, म्हणजे यजमानांच्या बाबतीत भुसावळला, 16 तासांची विश्रांती मिळते. ड्युटी 8 तासांहून कमी झाली असेल तर 12 तासांची. बाहेरगावी, म्हणजे इगतपुरीच्या किंवा बडनेऱ्याच्या रनिंग रूममध्ये (चालकांच्या विश्रांतिगृहात), 8 तासांच्या ड्युटीनंतर 8 तास. समजा, ते सकाळी 06:20ला साइन ऑफ झाले आणि ड्युटी 9 तासांची झाली होती, तर पुढचे साइन ऑन रात्री 22:20च्या आधी व्हायला नको. कॉल या 16 तासांच्या शेवटच्या दोन तासांत येतो की 16 तास पूर्ण झाल्यावर, याची पद्धत सगळीकडे सारखी नाही. तुमच्या लॉबीत काय चालते ते यजमानांना एकदा विचारून ठेवा, कारण त्यावर संध्याकाळचा सगळा बेत अवलंबून आहे. 22:20 ही सर्वांत लवकरची वेळ झाली. गाड्या नसतील तर टर्न लांबतो आणि माणूस दुसऱ्या दिवसापर्यंत घरी असतो, पण फोनकडे कान लावून.

‘पीआर’ म्हणजे पिरिऑडिक रेस्ट, आपल्या भाषेत साप्ताहिक सुट्टीच्या जागी मिळणारी विश्रांती. ती वारावर नसते. महिन्यातून 30 तासांच्या चार किंवा 22 तासांच्या पाच, असा नियम आहे. ‘पीआर गेला’ असे ते म्हणतात तेव्हा ती पुढे ढकलली गेली आहे किंवा गाडी उशिरा पोहोचल्याने तिचा उपयोग उरलेला नाही, असे समजावे. 16 तासांची रोजची विश्रांती या 30 तासांत मोजायची की वेगळी द्यायची, यावर चालकांच्या संघटना आणि प्रशासन यांच्यात अनेक वर्षे वाद आहे. संघटनांची मागणी 16 आणि 30 मिळून 46 तासांची आहे. इतकी वर्षे लॉबीत काढल्यावर माझे मत संघटनांच्या बाजूचे आहे. ज्या विश्रांतीत सलग दोन रात्रीही घरच्या अंथरुणावर मिळत नाहीत, तिला साप्ताहिक म्हणणे मला पटत नाही.

याचे कारण झोप. रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ इंजिनात सर्वांत कठीण असते. समोर एकसारखा अंधार, एकसारखा आवाज आणि ठरावीक अंतराने येणारे सिग्नल. आताच्या इंजिनांत दक्षतेचे यंत्र असते. चालकाने 60 सेकंद कोणत्याही उपकरणाला हात लावला नाही तर दिवा लुकलुकतो, त्याकडे लक्ष गेले नाही तर बझर वाजतो आणि तरीही काही झाले नाही तर गाडीला आपोआप ब्रेक लागतात. यंत्र आहे म्हणून झोपेची उणीव चालून जाईल असे मात्र नाही, कारण अर्धवट जागा माणूस सवयीने बटण दाबत राहतो आणि तेवढ्यात पिवळा सिग्नल निसटतो. लाल सिग्नल ओलांडला गेला तर त्याला आमच्याकडे ‘स्पॅड’ म्हणतात. अपघात झाला नाही तरी दोघांनाही तत्काळ कामावरून बाजूला केले जाते, चौकशी होते आणि शिक्षा नोकरी जाण्यापर्यंत असू शकते. चौकशीत पहिल्या काही प्रश्नांत एक हमखास असतो: ड्युटीच्या आधी किती तास झोपला होतात, आणि कुठे?

म्हणून घरून करण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दिवसाची झोप सांभाळणे. सकाळी 06:20ला साइन ऑफ झालेला माणूस आठपर्यंत जेवून झोपला, तर दुपारी दोनपर्यंत त्याला कोणी उठवू नये. खोलीला जाड पडदा लावावा, दारावरची बेल बंद करता येते का पाहावे आणि बँकेची, दुरुस्तीची, शाळेची कामे त्यांच्या उठण्याच्या वेळेनंतरची ठेवावीत. घरातल्या मोठ्यांना ‘दिवसभर झोपतो’ असे वाटत असेल, तर वरचे विश्रांतीचे गणित त्यांना कागदावर मांडून दाखवा. बहुतेकांचा गैरसमज तेवढ्याने जातो. भांडण असेल किंवा पैशाचा विषय असेल, तर तो कॉल आल्यानंतर काढू नये. कुटुंबांच्या मेळाव्यांत मी हे सांगत असे तेव्हा बायका हसत आणि विचारत, की मग आमचे कधी ऐकायचे? प्रश्न रास्त आहे. त्याला माझे उत्तर असे, की उठल्यानंतर आणि कॉलच्या आधी मधले जे तीन-चार तास असतात, ते तुमचे. ते त्यांनी मोबाइलवर घालवू नयेत, हे तुम्ही त्यांना माझ्या नावाने सांगू शकता.

औषधांबाबत एक सूचना अवश्य पाळावी. काही खोकल्याची औषधे, होमिओपॅथीचे थेंब आणि काही माउथवॉश यांत अल्कोहोल असते. साइन ऑनच्या आधी यांतले काही घेतले तर ब्रेथ ॲनालायझरवर आकडा येऊ शकतो, आणि मशीनला सर्दी आणि दारू यांतला फरक कळत नाही. झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्याही देऊ नयेत. आजारी असतील तर त्यांनी रेल्वेच्या डॉक्टरांकडे जाऊन रीतसर ‘सिक’ व्हावे. घरच्या उपायावर ड्युटी काढू नये.

डब्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी थोडे सांगतो. गाडी कुठे अडकेल याचा भरवसा नसल्याने ओली भाजी आणि भात उन्हाळ्यात उपयोगाचा नाही. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, आणि एसी नसलेल्या कॅबमध्ये डबा दुपारपर्यंत आंबतो. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, दशम्या असे टिकणारे द्यावे. पाणी मात्र भरपूर द्यावे आणि ते प्या असे बजावावे. बऱ्याच इंजिनांत स्वच्छतागृह नसल्याने माणसे मुद्दाम पाणी कमी पितात आणि पुढे मूतखड्याने हैराण होतात.

पुढे हे असेच राहणार का, हे सांगणे काही गोष्टींवर अवलंबून आहे. बढतीच्या वाटेवर शंटरचे, म्हणजे यार्डात इंजिने आणि डबे हलवणाऱ्या चालकाचे, पद लागते. तेव्हा काम यार्डातच असते, पाळ्या ठरलेल्या असतात आणि माणूस रोज घरी येतो. पण किलोमीटर नसल्याने हातात येणारी रक्कम घटते. त्यानंतर पुन्हा मालगाडी, मग पॅसेंजर आणि मेल. मेलच्या लिंकपर्यंत पोहोचायला किती वर्षे लागतील ते विभागातल्या रिक्त जागांवर ठरते. पगाराचे म्हणाल तर मूळ वेतन लेव्हल 2चे, म्हणजे 19,900पासून सुरू होणारे आहे, आणि मायलेजमुळे दर महिन्याची रक्कम वेगळी असते. घरखर्चाचा आणि कर्जाच्या हप्त्याचा हिशेब मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांवरच बसवा. मायलेज धरून हप्ता बांधलेली घरे आजारपणाच्या एका लांब रजेत अडचणीत आलेली मी पाहिली आहेत.

आता ते खरे सांगतात ना, या प्रश्नाकडे येतो. तुम्ही दिलेले शब्द आणि ज्या क्रमाने ते वापरले गेले तो क्रम कामाशी पूर्ण जुळतो. ‘लूपला टाकलंय’, मग बऱ्याच वेळाने ‘स्टेबल झाला’, मग ‘स्पेअर येतोय’ हा भुसावळ-इगतपुरी मार्गावरचा नेहमीचा दिवस आहे. त्यापलीकडे एखाद्याच्या संसाराबद्दल दुरून मत देणे मला योग्य वाटत नाही. घरच्यांची शंका फिटत नसेल, तर यजमानांना त्यांच्या नेमलेल्या लोको इन्स्पेक्टरांचे नाव विचारा. प्रत्येक सहायकाला असा एक इन्स्पेक्टर नेमून दिलेला असतो आणि चालकाच्या घरची परिस्थिती माहीत असणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे. त्यांना यजमानांसह घरी चहाला बोलवा आणि सासूबाईंना जे विचारायचे आहे ते त्यांच्यासमोर विचारू द्या. इन्स्पेक्टरांचा आणि लॉबीचा असे दोन्ही नंबर त्याच दिवशी लिहून घ्या.